स्कार्वेनच्या वहीतला अर्नफिन

स्कार्वेनवर चढण्यात अर्नफिनचा फायदा काय होता, ते आधी मांडून घेऊ. वर पोचला असता तर त्याचं पिवळं घर त्याच्याकडे राहिलं असतं. घराबरोबर बोटीची शेड, तळघरातला करवत-रंध्याचा पसारा आणि स्वयंपाकघराची ती खिडकी, जिच्यातून फेरीबोटीचा धक्का दिसतो. बोट किती मिनिटं उशिरा लागली हे तो अजूनही भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिपतो. शिवाय मुलीचं तोंड कायमचं बंद झालं असतं, तो वरचा नफा. न पोचला तर दुकानामागच्या नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, लिफ्ट आणि दर मंगळवारी येऊन नळ तपासणारा माणूस. शहात्तराव्या वर्षी, एका चांगल्या आणि एका वाईट गुडघ्यावर, सौदा काही वाईट नव्हता. फक्त तो त्याने खोटं बोलून केला होता.

पुढचं सगळं मला बापलेकीने वेगवेगळं सांगितलं आहे. बापाच्या सांगण्यात वारा जास्त, मुलीच्या सांगण्यात मिनिटं जास्त. दोघांचं जुळलं तेवढं मी घेतलं, आणि जिथे जुळलं नाही तिथे मुलीचं धरलं. ती बर्गनला हिशेबतपासनीस आहे आणि बाप अडतीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनखोलीत होता. तिथे खरं बोललं तरी कोणाला ऐकू येत नाही.

आमच्या नेसविकमध्ये स्कार्वेनच्या माथ्यावर, दगडांच्या ढिगाला टेकून, एक लाल पत्र्याची पेटी आहे. आत वही आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. वर गेलात की नाव, तारीख आणि हवा कशी होती ते लिहायचं. एक मे ते एक ऑक्टोबर, दिवसाला एकच चढाई धरायची. पंचवीस झाल्या की क्रीडा मंडळाकडून कॉफीचा मग मिळतो. पन्नास झाल्या की मगावर नाव भाजून मिळतं. शहरातले लोक हसतात, पण आमच्याकडे या मगासाठी माणसांनी शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या आहेत. वर गेलात की नाही, हे कोणी तपासत नाही. तपासायची गरज आहे असं कोणाला वाटणं हाच अपमान. चर्चच्या पेटीतून कोणी काही उचललं तर आम्ही म्हणू, बिचाऱ्याला नड असेल. वहीत खोटं लिहिणाऱ्याला कसली नड?

ही वही एकोणीस वर्षं मी मोजत आले. दर शुक्रवारी वर जायचं, आठवड्याच्या नोंदी मोजायच्या, एकाच दिवशी दोनदा आलेली नावं एकदाच धरायची, आणि यादी दुकानाच्या दारावर लावायची. मोजणाऱ्याला पुष्कळ कळतं. कोण बुधवारचा कोणाबरोबर जातो, कोणाच्या नावापुढे बायकोचं नाव येईनासं झालंय, कोणाला अचानक व्यायामाची आवड लागलीय. मी बोलत नाही. नेसविकमध्ये कोणी कोणाला काही विचारत नाही. आम्ही फक्त पडद्याआडून बघतो.

ऑगस्टच्या तिसऱ्या शुक्रवारी माझ्या यादीत लिहिलं होतं: अर्नफिन, एकसष्ट.

त्याच संध्याकाळी साडेपाचच्या बोटीने इंगविल्ड आली. वय एकेचाळीस, चष्मा, पाठीवर पिशवी, काखेत निळी फाईल. माशाचं जेवण होईपर्यंत तिने फाईल खुर्चीवर ठेवली होती. बशा उचलल्यावर ती टेबलावर आली.

"पप्पा, एक तारखेच्या आत कळवायचंय. नाहीतर त्या खोल्या हाल्वोरच्या आईला जातील."

"जाऊ देत. तिला लिफ्ट आवडते. वर-खाली करत बसेल, वेळ जाईल."

"धक्क्यापासून तुझ्या दारापर्यंत त्रेचाळीस पायऱ्या आहेत. हिवाळ्यात त्यांच्यावर बर्फ असतो. आई होती तेव्हा गोष्ट वेगळी होती. आता तू पडलास तर कोणाला कळणार? आणि कधी कळणार?"

"मी पडत नाही."

"मार्चमध्ये पडलास."

"बसलो होतो. जरा जोरात बसलो, एवढंच."

"पप्पा."

आणि मग, तो स्वतःच सांगतो, त्याच्या तोंडून निघून गेलं. "जा, दुकानाच्या दारावर वाचून ये! या मोसमात एकसष्ट वेळा स्कार्वेनच्या माथ्यावर गेलोय मी. एकसष्ट! तू किती वेळा गेलीस, आणि कशावर?"

दुसरी कोणी मुलगी असती तर ओशाळली असती. हिचे डोळे चमकले. एवढा मोठा आकडा समोर आला की हिशेबतपासनिसाला भूक लागते.

"बरं. मग उद्या जाऊ दोघं," ती म्हणाली. "तू वर पोचलास आणि वहीत एकसष्ट असले, तर ही फाईल मी पुन्हा या घरात आणणार नाही. नसले तर सही करायची."

"ठरलं," अर्नफिन म्हणाला. त्याचा उजवा हात तेव्हा टेबलाखाली गुडघ्यावर होता.

शनिवारी नऊला निघाले. डब्यात तपकिरी चीजचे पाव, मध्ये कागद घातलेले; थर्मासमध्ये कॉफी; दोन संत्री. हवा मोकळी होती. बाप म्हणतो वारा होता. मुलगी म्हणते नव्हता.

पहिला पाऊण तास अर्नफिन गुरुजी झाला होता. कुठलं मूळ ओलं असतं, कुठल्या दगडावर पाय द्यायचा नाही, ओढ्यापाशी डावीकडून का जायचं, हे तो मागे न बघता सांगत होता. "इथे खाली वाक, फांदी आहे." ती वाकली, फांदी होती. इंगविल्ड धापा टाकत होती आणि मनातल्या मनात थोडी शरमत होती. आपण एका ठणठणीत माणसाला लिफ्टमध्ये कोंबायला निघालोय की काय, असं तिला वाटायला लागलं होतं.

भूर्जाची झाडं संपतात तिथे मंडळाने बसवलेला बाक आहे. अर्धा डोंगर तिथे होतो. खाली अख्खा फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत शिरलेली समुद्राची खाडी, दिसतो आणि वर माथा. अर्नफिन बाकाच्या डाव्या टोकाला बसला. न बघता हात खाली घातला, फळीखालून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली लोकरी उशी काढली आणि बुडाखाली सारली.

इंगविल्ड बघत राहिली. "उशी कोणाची?"

"मंडळाची असेल."

"मंडळाच्या उशीवर आईचं विणकाम आहे?"

"तुझ्या आईने मंडळासाठी खूप केलं," अर्नफिन म्हणाला आणि कॉफी ओतायला लागला.

तेवढ्यात खालून मागने आला. हा आमचा शाळेच्या बसचा ड्रायव्हर. पुढे त्याची काळी कुत्री. कुत्री सरळ अर्नफिनकडे गेली आणि जाकिटाच्या डाव्या खिशात तोंड घालून उभी राहिली. खिशातून सॉसेजचा तुकडा निघाला.

"आज उशीर केलास," अर्नफिन म्हणाला.

"बायकोने गवत कापायला लावलं. मग, आज पण तुझं ना—" मागनेचं लक्ष इंगविल्डकडे गेलं. तो खोकला. "तुझं नातं दिसतंय! इंगविल्ड ना? मोठी झालीस की."

"वीस वर्षांपूर्वीच झाले," इंगविल्ड म्हणाली.

"हो, तेही आहेच." मागने एवढ्या वेगाने वर निघून गेला की कुत्रीला बोलवायचं राहिलं. ती बाकापाशीच बसून होती. बापलेक उठून वरच्या वाटेला लागले तेव्हा ती अर्नफिनकडे अशी बघत राहिली, जणू हा माणूस चुकीच्या दिशेला निघालाय.

इंगविल्डने हे सगळं नोंदवून ठेवलं. उशी, सॉसेज, मागनेचा खोकला. तिच्या धंद्यात गैरप्रकार आढळला असं कोणी लगेच म्हणत नाही. तिथे म्हणतात, खुलासा मागवावा.

खुलासा शंभर पावलांवर होता. वाट वळली आणि अर्नफिन थबकला. समोर दगडी पायऱ्या होत्या. एकसारख्या, रुंद, घट्ट बसवलेल्या, वळणं घेत वरपर्यंत गेलेल्या. नेपाळहून आलेल्या सहा शेर्पांनी मे महिन्यात त्या बांधायला घेतल्या आणि जूनच्या मध्यावर पुऱ्या केल्या. सगळ्या गावाने त्यांना केक नेऊन दिले होते. अर्नफिनने नेला तो बाकावरच दिला होता, तिथे येणाऱ्या मुकादमाच्या हातात. पायऱ्या त्याने पाहिल्या नव्हत्या. तो वाकला आणि पहिल्या पायरीवरून हात फिरवला, नवं इंजिन आल्यावर फिरवायचा तसा.

"अरे वा," तो म्हणाला. "काय बसवलाय दगड. फटीत नखसुद्धा जात नाही."

इंगविल्ड मागे उभी होती. तिने चष्मा पुसला.

"पप्पा, या पायऱ्या जूनमध्ये झाल्या. बोटीवर फोटो लावलेत. त्यानंतर तू इथून तीसेक वेळा गेला असशील. उडत गेलास का?"

अर्नफिन पायरीवर बसला. फ्योर्डमध्ये दहा-पंचवीसची बोट सुटली होती. त्याने घड्याळ बघितलं.

"चार मिनिटं उशिरा," तो म्हणाला.

"पप्पा."

"नाही गेलो," तो म्हणाला. "एकदाही नाही. मेमध्ये बाकापर्यंत आलो आणि गुडघा म्हणाला बस. बसलो. दुसऱ्या दिवशी म्हटलं बघू, परत बाकापर्यंत. मग रोजचंच झालं. येतो, बसतो, जाणाऱ्या-येणाऱ्याला कॉफी देतो, जातो." मग हात पुढे करून म्हणाला, "काढ तो कागद. सही करतो. गुडघ्यावर ठेवून करतो, निदान त्याचा काही उपयोग."

आता इथे, माझ्या मते, दुसऱ्या कोणाचीही गोष्ट संपली असती. तिला हवं ते मिळालं होतं, साडेदहाच्या आत. पण इंगविल्डने पिशवीला हातच लावला नाही. ती त्याच्या शेजारी बसली.

"मग वहीत नाव कोण लिहितं?"

"ते मला काय माहीत."

"दुकानाच्या दारावर एकसष्ट लागलं, आणि तुला आश्चर्य नाही वाटलं?"

"पहिल्या यादीत सहा होते. मी सहाच वेळा बाकावर आलो होतो. म्हटलं, ओड्नीने बाक धरायला सुरुवात केली असेल. आकडा बरोबर येत होता. बरोबर आलेल्या आकड्याबद्दल कोण भांडतं?"

ओड्नी म्हणजे मी.

"तू तिला विचारलं नाहीस?"

अर्नफिनने तिच्याकडे असं बघितलं, जणू तिने त्याला चर्चमध्ये कपडे काढायला सांगितलं होतं. बर्गनला राहून माणसं अशी होतात.

इंगविल्डने वर बघितलं. पायऱ्या ढगात नव्हत्या, सरळ माथ्यापर्यंत दिसत होत्या. "मला बघायचंय," ती म्हणाली. "हस्ताक्षर बघायचंय."

"मलाही बघायचंय," अर्नफिन म्हणाला, आणि हे म्हणताना त्याचं त्यालाच नवल वाटलं. साडेतीन महिने तो माथ्याकडे बघत बसला होता, पण वर आपण काय करत असतो याची त्याला चौकशी करावीशी वाटली नव्हती.

वीस पायऱ्या, मग थांबायचं. पुन्हा वीस. इंगविल्ड मोजत होती. मोजल्याशिवाय तिला चढता येत नाही. ऐंशीला त्याने काठी मागितली. एकशे साठला तिचीच धाप एवढी वाढली की त्याने तिची पिशवी घ्यायला हात पुढे केला, आणि दोघांनी पट्टा ओढत थोडा वेळ घालवला.

"दे इकडे."

"तुझा गुडघा आहे."

"पिशवी गुडघ्यावर घेत नाहीत, पाठीवर घेतात."

"पप्पा, मी तुला म्हातारा म्हणून इथे आणलंय, मला तोंडघशी पाडू नकोस."

पिशवी शेवटी त्यानेच घेतली. निळी फाईल तिच्यातच होती, म्हणजे आपल्या घराविरुद्धचा कागद तो स्वतःच्या पाठीवरून वर नेत होता. हे त्याच्या तीनशेव्या पायरीवर लक्षात आलं आणि तो एवढा हसला की परत बसावं लागलं. मागने खाली उतरताना भेटला. टोपीला हात लावून कडेच्या गवतातून गेला. चारशे बारा पायऱ्या झाल्या, पुढे थोडा खडक. वर पोचायला त्यांना तीन तास पन्नास मिनिटं लागली. माझी वेळ एक तास वीस आहे, पण ते इथे मोजायचं कारण नाही.

पेटी उघडली. इंगविल्डने मांडीवर वही घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि पहिल्या पानापासून बोट लावत निघाली. अर्नफिन तिच्या खांद्यावरून बघत होता.

त्याचं नाव पानोपानी होतं. पण लागोपाठच्या दोन नोंदी एका हातच्या नव्हत्या. गोल अक्षर, तिरपं अक्षर, ओलं झालेलं, घाईचं. "हा मागने," अर्नफिन म्हणाला, "बसच्या वेळापत्रकावर असंच लिहितो, आठ कुठला आणि शून्य कुठला कळत नाही." एका ठिकाणी कोणा मुलाने नावापुढे वाफाळता पेला काढला होता. एका ठिकाणी कोणी जर्मन पाहुण्यांनी, बहुधा नाव नीट न कळल्यामुळे, लिहिलं होतं: बाकावरचे गृहस्थ, उत्तम कॉफी. जूनमधल्या सेंट हान्सच्या सणाला, म्हणजे सगळं गाव रात्रीच्या शेकोटीची लाकडं रचत असताना, अर्नफिन पाच वेळा स्कार्वेनवर येऊन गेला होता, पाच वेगवेगळ्या हस्ताक्षरांत.

"एकशे सत्तेचाळीस," इंगविल्ड म्हणाली. "एकूण एकशे सत्तेचाळीस वेळा आलायस. दिवस मात्र एकसष्ट."

"यांना एकमेकांचं माहीत नाही," अर्नफिन हळूच म्हणाला.

नव्हतंच. प्रत्येकाला वाटत होतं, हे आपण एकटेच करतोय. खाली बाकावर कॉफी प्यायची, वर जाऊन त्याचं नाव टाकायचं, आणि कोणापाशी बोलायचं नाही. वरच्या ओळीत त्याचं नाव दिसलं तर समजायचं, सकाळी आला असेल बुवा. दुसऱ्या कुठल्या गावात ही गोष्ट दोन दिवसांत फुटली असती. आमच्याकडे ती साडेतीन महिने चालली.

मग ती जूनच्या मध्यावर आली आणि तिचं बोट थांबलं. तिथे तीन दिवस अर्नफिनचं नाव नव्हतं. त्याच्या जागी, हवेच्या रकान्यात, मागनेच्या अक्षरात होतं: "पाऊस. बाक रिकामा. उतरताना त्याच्या घरी डोकावलो. सर्दी. दार उघडलं, शिव्या दिल्या." दुसऱ्या दिवशी वेगळं अक्षर: "ढग. बाक रिकामा. सूप दिलं." तिसऱ्या दिवशी: "ऊन. बाक रिकामा, पण चिमणीतून धूर आहे." पुढे जुलैत: "बाक रिकामा. काळजी नको, होडी बाहेर आहे." आणि आणखी एक: "बाक रिकामा. केस कापायला गेलाय."

इंगविल्ड बराच वेळ त्या पानावर होती. अर्नफिन म्हणतो वाऱ्याने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वारा नव्हता, हे तिनेच आधी सांगितलंय.

अर्नफिनचं लक्ष मात्र तिकडे नव्हतं. त्याला एकशे सत्तेचाळीस खोट्या ओळी दिसत होत्या, आणि प्रत्येकीत त्याचं नाव. त्याने दोरीची पेन्सिल ओढली, तिच्या हातातली वही घेतली आणि पहिलं नाव खोडायला टेकवली.

"थांब!" इंगविल्डने मनगट धरलं. "नोंद खोडायची नाही. कधीच नाही."

"खोटी आहे."

"खोटी असेल तर दुरुस्तीची नोंद करतात. खोडाखोड केलेल्या वहीवर कोणी विश्वास ठेवत नाही." आणि मग ती जरा हळू आवाजात म्हणाली, "आणि ही खोटी नाही, पप्पा. चुकीच्या ठिकाणी लिहिलीय. तू एकसष्ट दिवस बाकावर होतास, आणि नव्हतास ते कोणीतरी लिहिलंय. मी विचारलं होतं ना, तू पडलास तर कोणाला कळणार, कधी कळणार? हे बघ उत्तर. त्याच दिवशी, उतरताना. दुसऱ्या मजल्यावर कोण डोकावणार होतं? मंगळवारचा नळवाला?"

"पैज मी हरलो पण."

"हरलास. साफ हरलास."

"मग सही?"

तिने पिशवीतून फाईल काढली, तिच्यावर वही ठेवली, म्हणजे लिहायला टणक झालं, आणि शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीने लिहिलं: "दुरुस्ती. वरील सर्व पानांवर अर्नफिन या नावापुढे माथा याऐवजी बाक वाचावे. दिवस ६१. तपासले." खाली सही. मग फाईल परत पिशवीत गेली.

"खोल्या हाल्वोरच्या आईला," ती म्हणाली. "या वर्षी. बाकापर्यंत येता येईनासं झालं त्या दिवशी तू मला फोन करायचा. मी विचारायची वाट बघायची नाही. आणि महिन्यातून एकदा मी येणार, वही तपासायला."

"दर महिन्याला इथवर चढशील?"

"चढेन की. तू पिशवी घेशील ना?"

त्याने तिच्याकडून पेन्सिल घेतली आणि स्वतःच्या हाताने, त्या वर्षी पहिल्यांदा, लिहिलं: "अर्नफिन. २२ ऑगस्ट. वारा." खाली तिने लिहिलं: "इंगविल्ड. २२ ऑगस्ट. वारा नाही."

आता माझ्या वाट्याला काय आलं ते. निघता निघता तिने परत पहिलं पान उघडलं. मोसमातली सगळ्यात पहिली नोंद: "९ मे. अर्नफिन. मोकळी हवा." ही एकच ओळ पेन्सिलीची नव्हती, हिरव्या शाईची होती. आणि दर आठवड्याच्या खाली मोजणीची बेरीज होती, तीही हिरव्या शाईत.

संध्याकाळी पाचला माझ्या दाराची घंटा वाजली. बाहेर इंगविल्ड, बूट हातात, पायाला दोन फोड. मागे अर्नफिन, कुंपणाच्या खांबाकडे बघत.

"ओड्नी, हिरव्या शाईचं पेन कोणाकडे असतं?" तिने विचारलं.

मी वॉफल करायला घेतली होती. पीठ तापल्या साच्यात ओतून झाल्यावर सांगितलं. मे महिन्यात नवी वही वर न्यायला मी निघाले होते. निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षं नव्या वहीची पहिली ओळ अर्नफिनची असायची. पहिल्याच मोकळ्या दिवशी तो वर जायचा. त्या दिवशी तो बाकावर बसला होता, बुटांना नवीन चरबी लावलेली, आणि म्हणाला, "तू हो पुढे, मी जरा बसतो." वर पोचले, वही उघडली. पहिली ओळ रिकामी. माझं नाव तिथे लिहिणं बरं दिसेना, आणि रिकामी सोडून दुसरीवर लिहावं तर वेडगळ वाटलं असतं. मग मी ती भरली. एकदाच, हं. बाकीच्या एकशे सेहेचाळीस माझ्या नाहीत. मी फक्त मोजल्या.

"मोजणाऱ्यानेच पहिली खोटी नोंद केली," इंगविल्ड म्हणाली.

"पीठ जळतंय," अर्नफिन म्हणाला.

सप्टेंबरमध्ये तिचं पत्र मंडळाला आलं. दीड पान, परिच्छेदांना आकडे घातलेले. त्यात माझ्याबद्दल वाईट शब्द एकही नव्हता, आणि तेच वाईट होतं. वार्षिक सभेत कॉफीच्या वेळी सगळे आपापल्या बशीकडे बघत होते. एकामागोमाग एक कळायला लागलं की दुसऱ्यानेही लिहिलं होतं. कोणी हसलं नाही, पण त्या दिवशी केक नेहमीपेक्षा लवकर संपला. ठराव असा झाला: वहीत नवा रकाना, "बाक", त्यासाठी कॉफीचा मग मिळणार नाही. आणि मोजणी यापुढे दोघांनी करायची, त्यातला एक बाहेरगावचा.

तेव्हा हिशेब असा बंद होतो. अर्नफिनचं घर राहिलं, पण कॉफीचा मग गेला. मगावर नाव आधीच भाजून आलं होतं, आणि पन्नास चढाया नसलेल्या माणसाला तो देता येत नाही. हाल्वोरच्या आईला लिफ्ट मिळाली, तिचं काहीच गेलं नाही. इंगविल्डचा दर महिन्याचा एक शनिवार गेला, आणि अंगठ्याचं एक नख. मागनेची कुत्री आता बाकाच्या पुढे जायला तयार नसते, म्हणून त्याच्याही चढाया कमी झाल्या.

आणि एकोणीस वर्षांची हिरवी शाई माझी गेली. शुक्रवारी मी आता मोजायला जात नाही. निघते मात्र वेळेवर. बाकावर अर्नफिन आणि दोन कप असतात, त्यातला एक तो नाव भाजलेला मग. कोणी तो मंडळाच्या कपाटातून उचलून आणला, ते कोणी विचारलेलं नाही. कॉफी त्यातून मी पिते. त्याने प्यायली तर नियमात बसणार नाही. माथ्याच्या रकान्यात या मोसमात माझे बावीस झालेत, पंचवीस होतील असं दिसत नाही.